पायातलं बाहेर

बूट माझ्या पाठीवर होता. नवा कोरा. बारामतीहून आणलेला, चामड्याचा वास अजून न गेलेला. माझं तोंड शाळेच्या मैदानात, मातीत. दातांखाली वाळू करकरत होती.

"अरे दाब की जरा," पीटीचे सर म्हणाले. "नुसता टेकवतोस काय पाय? लढाई आहे ही."

रणजितनं पाय दाबला. रणजित म्हणजे चेअरमनांचा नातू. ज्या संस्थेचं आमचं हायस्कूल, तिचे चेअरमन. नववीत तो माझ्याच वर्गात होता. गणित अडलं की मागच्या बाकावरून मलाच हाक मारायचा. त्या दिवशी त्यानं विचारलं नाही की लागतंय का. मीही सांगितलं नाही. भोवती उभी असलेली पोरं हसत होती, आणि मातीत तोंड असताना मीपण थोडी हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. बुटापेक्षा जास्त येतो.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या अलीकडं. शाळेचं गॅदरिंग म्हणजे गावात जत्रेच्या खालोखाल. दर वर्षी तीच लेझीम, तीच कोळीगीतं. त्या वर्षी पीटीच्या सरांच्या डोक्यात वेगळंच आलं. त्यांनी प्रसंग बसवायला घेतला, 'गल्लीतली लढाई'. बांबू आणि गोणपाटाची घरं ओळीनं उभी करायची. मधे गल्ली. जवान गल्लीत घुसणार, एकेका घराचं दार लाथेनं तोडणार, आतल्या माणसांना बाहेर ओढून पालथं पाडणार. आणि शेवटी पडलेल्यांच्या पाठीवर पाय देऊन उभे राहणार. मग टाळ्या.

जवान कोण, ते सरांनी आधी ठरवलं. त्यांच्यासाठी खाकी कापड आलं, शिंपी येऊन मापं घेऊन गेला. मग सर म्हणाले, "आता गल्लीतले लोक." कुणाला व्हायचंय, असं त्यांनी विचारलं नाही. बोट करत गेले. तू. तू. तू गं. बौद्ध वस्तीतलं एक पोर सुटलं नाही आणि वस्तीबाहेरचं एक घेतलं नाही.

आम्ही हरखलो. खरं सांगते, हरखलो. दर गॅदरिंगला आम्ही खुर्च्या उचलायचो, सतरंज्या झटकायचो. स्टेजवर आमच्यातलं कुणी कधी चढलं नव्हतं. मी उठून विचारलं, "सर, आमच्या ड्रेसचं काय?"

"तुम्हाला कशाला ड्रेस? घरी घालता तेच घालून या. तोंडाला रंगबिंगपण नको. आहात तशाच शोभता तुम्ही."

वर्ग खदखदून हसला. मला वाटलं, बरं झालं, आईच्या मागं नव्या फ्रॉकचा लकडा लावायला नको. एवढंच कळलं मला. घरापर्यंत पळत गेले आणि दारातूनच ओरडले, "आई, मला पार्ट मिळाला!"

आई खुरपणीहून नुकती आली होती. तिनं विचारलं, "कशाचा?"

"घरातल्या बाईचा. मी भाकऱ्या थापत असते आणि लढाई होते."

"मग?"

मग काय ते मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? म्हणजे आत कुठंतरी कळलं होतंच की.

माझे वडील, दादा, फौजेत हवालदार होते. पेन्शनीवर येऊन फार दिवस झाले नव्हते. त्याआधी ते शांतिसेनेबरोबर समुद्रापलीकडं, लंकेत होते. एका शहरात. तिथं गल्लीगल्लीतून लढाई झाली, एवढंच आम्हाला ठाऊक. पुढचं त्यांनी कधी काढलं नाही. पण परत आलेला माणूस वेगळाच होता. दार आपटलं की ताटावरून उठायचा. दिवाळीत लवंगी फटाका वाजला की विहाराच्या मागं जाऊन भिंतीला पाठ लावून बसायचा. आणि कुणाच्याही घरी गेला की दारातच उभा. दार सताड उघडं असलं तरी. "घरात कुनी हाय का? आत येऊ का?" असं मोठ्यानं विचारायचा, आतून "या" आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. चपला बाहेर, भिंतीशी, जोडून. सख्ख्या बहिणीच्या घरीसुद्धा. वस्तीतल्या बाया चेष्टा करायच्या, "हवालदार, अक्षता पाठवाव्या लागत्यात का काय तुमास्नी? या की आत!" दादा हसायचे नाहीत.

आल्यावर चेअरमनांच्या शब्दानं त्यांना संस्थेच्या हॉस्टेलवर वॉचमनची नोकरी लागली. पेन्शन अपुरी, धाकटा भाऊ सारखा आजारी. ती नोकरी म्हणजे आमच्या घराचा मधला खांब होता.

तालमी सुरू झाल्यावर एका सकाळी वस्तीच्या तोंडाशी जीप थांबली. चेअरमन आतच बसून राहिले. आमच्या वस्तीत ते मतांच्या वेळी उतरायचे, एरवी नाही. पीटीचे सर तेवढे आले. आईनं सकाळीच घर सारवलं होतं, ओल अजून गेली नव्हती. सर हाक न मारता बुटासकट आत शिरले. चुलीपर्यंत आले. हिरव्या ओल्या शेणावर एकापुढं एक बुटाचे ठसे. हेच सर चेअरमनांच्या बंगल्यावर जाताना बूट कुठं काढतात ते मी पाहिलं होतं. फाटकापाशी. पायरीसुद्धा अजून लांब असते तिथून.

दादांनी सरांच्या पायांकडं पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं. मग मिटलं.

"हवालदार," सर म्हणाले, "पोरांना एकदा येऊन खरंखुरं दाखवा. दार कसं तोडायचं, लोकांना कसं ओढायचं. तुम्ही केलंय ना हे सगळं?"

"व्हय सर. केलंय."

"आणि गॅदरिंगला स्टेजवर बसायचंय. चेअरमनसाहेब सत्कार करणार आहेत तुमचा. गावचा जवान म्हणून."

जीपचा हॉर्न वाजला. सर आले तसे त्याच ठशांवरून परत गेले. आईनं बादली ओढली आणि खाली बसून सगळं पुन्हा सारवायला घेतलं. सारवता सारवता म्हणाली, "आपलं घर हाय का सडक? कुनीबी यावं आन् चालत जावं?"

दादांचं गप्प बसणं मला सरांच्या बुटांहून जास्त लागलं. हा माणूस बंदूक घेऊन लढला म्हणतात, आणि आपल्याच घरात याला एक शब्द फुटत नाही.

शेवटच्या तालमीला दादा आले. मैदानाच्या कडेला हात मागं बांधून उभे राहिले. कॅसेट लागली, गोळ्यांचे आवाज सुरू झाले. गोणपाटाचं दार लाथेसरशी आत आलं. रणजितनं माझ्या वेणीला धरून मला बाहेर ओढलं, मी ठरल्याप्रमाणं किंचाळले, पालथी पडले. पाठीवर बूट. मान वळवून पाहिलं तर दादा माझ्याकडंच बघत होते. त्यांना तोवर माहीत नव्हतं की माझा पार्ट हा आहे.

"काय हवालदार, जमतंय का?" सरांनी विचारलं.

"जमतंय," दादा म्हणाले, आणि नळावर जाऊन किती वेळ तोंडावर पाणी मारत राहिले.

संध्याकाळी आम्ही दोघं कालव्याच्या कडेनं घरी निघालो. दादा पुढं, मी मागं. मग न वळताच ते बोलायला लागले. लढाईबद्दल ते माझ्याशी बोलले ते तेवढंच.

"एका घरात आमी दार मोडून शिरलो. पावसाचं दिस. ढोपरापातुर चिखल. आत एक बाय. तुज्या आईएवढी आसंल. हातात भाताचं पातेलं. आमी वरडलो, हात वर कर. ती करंना. हातात पातेलं, कसं करंल? बंदुका तिच्यावर, आन् ती बघतीय माझ्या पायाकडं. बोट केलं. माझ्या बुटाकडं. मग दाराकडं."

"म्हंजी?"

"भाषा येत नव्हती मला. पर त्याला भाषा कशाला लागती? पायातलं भायेर काढ म्हनत व्हती. तिचं घर व्हतं ते."

"तुमी काढलं?"

दादा थांबले. कालव्याच्या पाण्याकडं बघत राहिले.

"न्हाय काढलं. घरभर फिरलो. देवापुढनं, चुलीपुढनं. एक म्हातारा खाटंवर व्हता, त्याला बी खाली पालथा पाडला. काय गावलं न्हाय. दुसऱ्या आठवड्यात त्याच गल्लीनं आलो तवा घर पडल्यालं. गल्लीतली निम्मी घरं पडल्याली. मानसं शाळंत जाऊन ऱ्हायलेली, पान्याला हंडं घेऊन गोळीबार थांबायची वाट बघत. त्या बायच्या घराचा उंबरा तेवढा शिल्लक व्हता. ती उंबऱ्यावर बसलीवती. मी वळसा घालून गेलो. आत जायाला घरच नव्हतं, तरी बी मला उंबरा वलांडवंना."

मला रडू आलं नाही. मी विचारलं, "दादा, म्या उद्या काय करू?"

मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ नको. म्हणतील, लाथ मार त्या पार्टाला. दादा म्हणाले, "पड. गपचिप पड. दोन मिंटाचं काम हाय. नोकरी हाय पोरी."

लंकेतली ती बाई बंदुकीपुढं उभी राहिली. आणि माझा बाप मला सांगत होता पड. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. घरी जाऊन मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मैदान भरलं. पुढं खुर्च्या, मग सतरंज्या, आणि पार मागं, उसाच्या बांधाला लागून, आमची वस्ती उभी. दादांचा सत्कार झाला. हार, शाल, नारळ. चेअरमन माइकवर म्हणाले, "आपल्या गावच्या मातीतला हा जवान." मग त्यांना स्टेजच्या टोकाच्या खुर्चीवर बसवलं. फौजेतला कोट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ.

प्रसंग सुरू झाला. कॅसेटीतल्या गोळ्या कमी पडतील म्हणून सरांनी स्टेजमागं लवंगीच्या माळा ठेवल्या होत्या. पहिली माळ पेटली तशी मी गोणपाटाच्या फटीतून दादांकडं पाहिलं. ते खुर्चीतून अर्धे उठले होते. खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले होते. पुन्हा बसले. चेअरमन हसून शेजारच्या पाहुण्याच्या कानात काहीतरी म्हणाले.

मी माझ्या 'घरात' होते. पुढ्यात आईची परात, तिच्यात खरं पीठ. हात पिठानं भरलेले. शेजारच्या घराचं दार तुटलं. पोरं किंचाळली, धपाधप पडली. मग माझं दार आत आलं. रणजित. खाकी कपडे, लाकडाची बंदूक, तेच बूट. त्याचा पाय सरळ परातीच्या काठावर पडला. पीठ सांडलं.

आईनं ते पीठ दुपारी जात्यावर दळलं होतं. नाटकासाठी खरं कशाला, असं मी म्हटलं तर म्हणाली होती, घर म्हनल्यावर पीठ नको?

ठरल्याप्रमाणं आता मला किंचाळायचं होतं. मी उठून उभी राहिले. पिठाचं बोट त्याच्या पायाकडं केलं.

"बूट काढ."

रणजितला कळेना. तो दबक्या आवाजात म्हणाला, "अगं पड की."

"आधी बूट काढ. घर हाय हे."

स्टेजला माइक टांगलेले होते. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. पुढच्या खुर्च्यांवर आधी हसू पसरलं. त्यांना वाटलं, पार्टातच आहे. मग विंगेतून सरांचा आवाज आला, "ए! पड! खाली पड म्हणतो ना!" तेव्हा हसणं थांबलं. कॅसेटीतल्या गोळ्या मात्र चालूच होत्या. धीट होते म्हणून उभी होते असं कुणी समजू नये. खाली बसावं तर पुन्हा उठता येणार नाही, या भीतीनं उभी होते.

रणजितनं माझ्या दंडाला धरलं. मी हात झटकला. त्याच्या खाकी बाहीवर पिठाची पाची बोटं उठली.

आणि तेव्हा टोकाच्या खुर्चीवरून दादा उठले. मला वाटलं, आता मला फरफटत नेतील. त्यांनी वाकून पायातल्या चपला काढल्या. खुर्चीखाली जोडून ठेवल्या. अनवाणी स्टेज ओलांडून माझ्या तुटक्या दाराशी आले आणि बाहेरच थांबले. कोट, गळ्यात सत्काराचा हार. नेहमी विचारायचे तसंच, मोठ्यानं विचारलं,

"घरात कुनी हाय का? आत येऊ का?"

मी म्हणाले, "या."

ते आत आले. खाली बसून सांडलेलं पीठ ओंजळीनं परातीत भरू लागले. रणजित बंदूक धरून उभा होता, पुढं काय करायचं ते सांगणारं कुणी नसल्यासारखा. तेवढ्यात कुणीतरी पडदा ओढला.

पुढचं गोड नाही. चेअरमन पडद्यामागं आले आणि दादांना म्हणाले, "डोक्यावर बसवलं की असं होतं. उद्यापासनं हॉस्टेलवर येऊ नका." दादा "बरं" म्हणाले. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि आम्ही चालू लागलो. चपला तिथंच राहिल्या. त्या आणायला ते पुन्हा कधी गेले नाहीत, आणि कुणी आणूनही दिल्या नाहीत.

सरांनी मला वर्गाबाहेर उभं करायला सुरुवात केली. "घर आहे ना तुझं? मग थांब बाहेर." वस्तीतल्या ज्या पोरांनी काहीच केलं नव्हतं तीपण माझ्याबरोबर बाहेर. त्यांच्या आया आमच्या दारात येऊन भांडल्या. "हवालदाराच्या पोरीला लई वरचं सुचतंय. तिच्या पायी आमच्या लेकरांचं वाटुळं." आईनं त्यांना आत बोलावलं, चहा टाकला, आणि म्हणाली, "माझी पोर पडली आसती तर तुमची उठली आसती का?" एक बाई चहा न घेता उठून गेली. दादा वीटभट्टीवर जायला लागले. फौजेतला हवालदार, डोक्यावर विटा. मला हे पाहवत नव्हतं. मी एकदा म्हणाले, "दादा, माझ्यामुळं." ते खवळले. "तुज्यामुळं न्हाय. त्यांच्या बुटामुळं. नीट ध्यानात ठेव, कुनामुळं ते."

ठेवलं.

नंतर नर्सिंगसाठी बारामतीला आले. भाड्यानं खोली घेतली. मालकानं आडनाव ऐकून आधी भाडं वाढवलं, मग खोली दिली. एके दिवशी दार न वाजवता, चपलांसकट आत आला. मीटर बघायचाय म्हणे. मी स्वयंपाक करत होते. म्हणाले, "काका, पायातलं बाहेर काढा. आणि हाक मारून येत जा."

"घर माझं आहे."

"भिंती तुमच्या. आत राहते मी."

महिन्याच्या आत खोली गेली. दुसरी शोधली. तिथंही तेच झालं आणि तिथंही मी तेच म्हणाले. सामान बांधायची आता मला सवय आहे.

स्वस्थता मात्र नाही. टीव्हीवर कुठल्यातरी शहरातली लढाई दाखवतात. जवान भिंतीला चिकटून पळतात, दार लाथेनं आत जातं, सांगणारा सांगतो की गल्ली ताब्यात आली. गल्ली कुणाच्या ताब्यात आली, त्याच्याशी मला देणंघेणं नाही. मला ते दार दिसतं. दारामागं चूल असते, चुलीवर भात असतो, भात उतरवणारी बाई असते. तिचे हात भरलेले असतात आणि तिला हात वर कर म्हणून सांगत असतात. वॉर्डात ड्युटीवर असले तरी ती डोळ्यांपुढून हलत नाही. ती पुढं जगली का, कुणाला माहीत. दादांनाही माहीत नाही. तिचं नावसुद्धा आम्हाला माहीत नाही आणि आमच्या घरात जो शब्द उच्चारायची कुणाची हिंमत नव्हती तो तिनं दिला.

म्हणून सांगून ठेवते. खाकी असो, खादी असो, हातात बंदूक असो की मतदारांची यादी. माझ्या उंबऱ्यात यायचं तर हाक मारायची, थांबायचं, पायातलं बाहेर काढायचं. नाही काढलंत आणि दार तोडून आलात, तर याल. तेवढी ताकद तुमच्याकडं आहे, मला ठाऊक आहे. पण आत मी उभी असेन. पालथी सापडणार नाही.